पेटंट-आकडेवारी आणि कचरा व्यवस्थापनातील नवप्रवर्तन : एक चिकित्सा

सर्व शोधांचे पेटंट घेतले जात नाही आणि सर्व पेटंटांचे मूल्य समान नसते, हे झ्वी ग्रिलिकस यांनी १९९० मध्येच स्पष्ट केले. कचरा व्यवस्थापनात ही मर्यादा अधिक तीव्र होते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात घनकचरा विल्हेवाटीसाठी ‘बी०९बी’ हा वर्ग आहे; परंतु प्लास्टिकच्या पुनर्प्राप्तीची नोंद ‘बी२९बी’मध्ये होते. त्यामुळे एका वर्गाची गणना अपुरी ठरते. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची दारोदार संकलनव्यवस्था तर कोणत्याच वर्गात दिसत नाही. कारण भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार व्यवसायपद्धतीस पेटंट मिळत नाही. सबब, पेटंटसंख्या हे तांत्रिक शोधाचे गमक मानावे. केवळ तिच्या आधारे धोरण आखल्यास श्रमिकांचे नवप्रवर्तन दुर्लक्षित राहील.