अनावृष्टीने सुरू होणारा प्रलय

गोदावरीच्या खोऱ्यातील दोन संतांनी मराठीला प्रलयाची अत्यंत तपशीलवार वर्णने दिली आहेत, आणि दोघांचाही प्रलय पुराने नव्हे तर अवर्षणाने सुरू होतो. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केली. तिच्या तिसऱ्या अध्यायात मूळ ग्रंथाला अनुसरून आधी शंभर वर्षांची अनावृष्टी, मग संकर्षणाच्या, म्हणजे शेषाच्या, मुखातून उठणारा अग्नी आणि अखेरीस हत्तीच्या सोंडेसारख्या धारांनी कोसळणारा पाऊस येतो. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या रामदासांनी दासबोधाच्या तेराव्या दशकात हाच क्रम घेतला आहे: जमीन तडकते, सूर्य बारा कळांनी तापतो, पुढे पृथ्वी पाण्यात, पाणी अग्नीत, अग्नी वायूत आणि वायू आकाशात विरतो. हा क्रम पुराणांतला असला, तरी पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखातील श्रोत्याला त्याची पहिली पायरी ऐकीव वाटली नसणार.

रामदासांनी दहाव्या दशकात प्रलयाचे पाच प्रकार सांगितले आहेत. झोप आणि मृत्यू हे पिंडातले, म्हणजे देहातले, दोन. ब्रह्मदेवाची निद्रा आणि त्याचा अंत हे ब्रह्मांडातले दोन. आणि पाचवा विवेकप्रलय, ज्यात माणूस जिवंतपणीच विचाराने दृश्य जगाचा निरास करतो. भयाची जागा येथे विचाराने घेतली आहे, आणि हीच या परंपरेची खरी कमाई होय.

पडद्यावर ही परंपरा क्वचितच उतरली. बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही दूरदर्शन मालिका (१९८८-९०) यादवांचा नाश न दाखवताच संपली. एकनाथांची टीका ज्या स्कंधावर आहे, तो मात्र यादवांना मिळालेल्या शापापासूनच सुरू होतो. वृत्तवाहिन्यांनी तर २००८ मध्ये जिनिव्हाजवळचा कणांच्या टकरीचा प्रयोग सुरू होताना जगबुडीची भीती दिवसदिवस विकली, आणि हे त्या माध्यमाचे मोठेच अपयश मानले पाहिजे. नाग अश्विन यांच्या ‘कल्कि २८९८ एडी’ (२०२४) या तेलुगू चित्रपटात काशी ओसाड झालेली आहे आणि पाणी व हिरवळ मूठभरांच्या ताब्यात आहे. ही कल्पना सकस आहे, पण चित्रपट तिच्यावर थांबत नाही, हाणामारीकडे वळतो.

मराठी चित्रपटाने कल्पांत असा फारसा हाताळलेला नाही. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) विदर्भातील एका शेतकऱ्याचे घर पावसापायी कोसळत जाते, तेथे जग संपत नाही, एका कुटुंबाचे जग संपते. कथेत मात्र जयंत नारळीकरांनी ही वाट मोकळी केली. ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईवर बर्फ पडते आणि ते का पडते याची कारणपरंपरा वाचकापुढे टप्प्याटप्प्याने उलगडते. रामदासांच्या पंचमहाभूतांच्या क्रमाशी या कथेचे नाते विषयापेक्षा शिस्तीचे अधिक आहे, कारण दोन्हीकडे नाशालाही नियम आहे आणि तो नियम जाणून घेण्याची जबाबदारी माणसावर टाकलेली आहे. १९७२ चा दुष्काळ आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आणलेले पाणी पाहिलेल्या मराठवाड्यातून अशा शिस्तीचा चित्रपट अद्याप यायचा आहे.