असूडातला समुद्र

आमच्या घाटंजीच्या शिवारात पहिल्या वेच्याआधी सीतादही होते. दही-भाताचा नैवेद्य, मगच कपाशीला हात. विधी आपला, झाड मात्र मूळ मेक्सिकोकडचे. २००२ नंतर आलेले बीटी संकरित वाणही त्याच कुळातले. जुनी देशी कपाशी निराळी, आखूड धाग्याची. लँकेशायरच्या यंत्रांना लांब धागा हवा होता.

कोलंबस आणि गामा आपण शाळेच्या इतिहासात ठेवून दिले आणि कापूस पिकवणाऱ्यावरच्या लेखनाला 'ग्रामीण' अशी चिठ्ठी लावली. मला हे खटकते. अशी समीक्षा सावकाराच्या ओसरीपाशीच थांबते. गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला तेव्हा कापड इथून परमुलखात जात होते. पुढे उलटे झाले. १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीकडे गेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि इथल्या कापसाचे भाव चढले. युद्ध संपताच ते कोसळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कच्चा माल बाहेर, कापड आत.

ही उलथापालथ जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ओळखली होती. भट-कुळकर्ण्यांवरचे कोरडे सगळ्यांना आठवतात. विलायती यंत्रमालाने इथल्या कारागिरांच्या पोटावर आणलेला पाय कुणी फारसा उद्धृत करत नाही. ग्रामीण साहित्याची चर्चा मी तिथून सुरू करीन. अर्थात ती पाने मीही वर्षानुवर्षे ओलांडली. परीक्षेला ती नव्हती.