ऐकणारी थोरली, पाहणारी धाकटी : एका चित्रपुस्तकाच्या निमित्ताने

इंद्रियांच्या उणेपणाविषयी बोलताना आपल्या भाषेला बहुधा दोनच सूर ठाऊक असतात. पहिला सूर थट्टेचा. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं', 'आंधळ्या-बहिऱ्याची गाठ' असल्या म्हणी आणि वाक्प्रचार आपण वर्गात शिकवितो व मुलांकडून त्यांचा वाक्यांत उपयोगही करवून घेतो. दुसरा सूर पूजेचा. विदर्भातील गुलाबराव महाराजांना (१८८१-१९१५) आपण 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तोच शब्द शेजारच्या आळीतील दृष्टिहीन पोराला लावला, की त्याच्याकडून खोडी करण्याचा हक्क काढून घेतल्यासारखे होते. अलीकडे रूढ झालेला 'दिव्यांग' हा शब्दही याच दुसऱ्या सुराचा होय. थट्टा आणि पूजा यांच्यामध्ये एक विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथे एका ताटात जेवणारी आणि एका पांघरुणासाठी भांडणारी भावंडे राहतात. भावंड भावंडाची पूजा करीत नाही, आणि त्याने केलेल्या थट्टेतही परकेपणा नसतो. या प्रदेशाची खबर देणारे बालवाङ्मय आपल्याकडे विरळाच. म्हणून एका परकीय चित्रपुस्तकाचा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

हे पुस्तक म्हणजे जीन व्हाइटहाउस पीटरसन यांचे 'आय हॅव अ सिस्टर, माय सिस्टर इज डेफ'. ते १९७७ साली अमेरिकेत निघाले. त्यातील चित्रे डेबोरा रे यांची असून ती भडक रंगांची नाहीत, सौम्य छायांची आहेत. कथा म्हणावी असे त्यात काही घडत नाही. एक थोरली बहीण आपल्या बहिऱ्या धाकटीविषयी सांगते आहे, एवढेच. आरंभी ती आपली बहीण 'विशेष' असल्याचे सांगते, आणि आमच्यासारख्या वाचकास भीती वाटते, की आता पूजेचा सूर लागणार. परंतु लेखिका त्या शब्दावर रेंगाळत नाही. ती लगेच तपशिलाकडे वळते, आणि तपशील हेच या पुस्तकाचे सामर्थ्य आहे.

दोघी बहिणी गवतातून चालल्या आहेत. थोरली बारीक आवाजांवर कान ठेवून आहे, धाकटी गवतातील चटकन होणाऱ्या हालचाली टिपते आहे. येथे कोणी कोणास सांभाळीत नाही, कामाची वाटणी झालेली आहे. रात्री वादळ होते तेव्हा भिते ती थोरली, धाकटी स्वस्थ झोपलेली असते. थोरलीने काळा चष्मा घातला, तर बोलताना धाकटी तो काढावयास लावते, कारण तिला ताईच्या डोळ्यांतले बोलणे वाचावयाचे असते. कान दुखतात का, असे मैत्रिणी विचारतात, तेव्हा थोरली सांगते, की कान दुखत नाहीत, लोकांनी समजून घेतले नाही म्हणजे मन दुखते. 'दया करा' असे वाक्य पुस्तकात कोठे नाही, आणि त्याची गरजही भासत नाही. उपदेशाचे काम चष्म्याने परस्पर केले आहे.

आमच्या बालवाङ्मयाची जुनी खोड येथे आठवल्यावाचून राहत नाही. कथेच्या शेवटी तात्पर्य नसेल तर ती अपुरी राहिली, असे आम्हां शिक्षकांना वाटते. अशा विषयावरची कथा मराठीत लिहिली गेली, तर पाण्यात पडलेल्या भावाला बहिरी बहीण वाचवील आणि गाव तिचा सत्कार करील, असे प्रसंग प्रथम सुचतात. त्यांतील गृहीत तपासून पाहावे. या मुलीने काही पराक्रम केला तरच ती प्रेमास पात्र ठरते, असा त्याचा अर्थ होतो. ज्या बहिऱ्या मुलीने कोणासही बुडताना वाचविले नाही, तिने काय करावे? पीटरसन यांच्या पुस्तकातील धाकटी काहीच मिळवीत नाही. ती घरात आहे, हेच पुरेसे मानले आहे.

आता हे पुस्तक बुऱ्हाणपुरात कसे वाचले जाईल, ते पाहू. येथील एका घरी दोन भावंडांना आम्ही ते मराठीत सांगत गेलो. धाकटी बहीण पियानो वाजविते, त्याचे सूर तिला ऐकू येत नाहीत, पण खर्जाच्या सुरांची घरघर तिला अंगाने कळते, या जागी आलो तेव्हा लहान मुलाने पियानो म्हणजे काय, असे विचारले. आम्ही उत्तर शोधीत होतो, तोच त्याची बहीण म्हणाली, "अरे, मागासारखं. जमीन हलते ना, तसं." ज्या शहराच्या कितीतरी वस्त्यांत यंत्रमागांची खडखड दिवसभर चालते, तेथील मुलीने केलेले हे भाषांतर आमच्यापेक्षा सरस होते, हे कबूल केले पाहिजे. यंत्रमागाचा ठोका कानाने ऐकण्याआधी तळपायांना कळतो. बहिऱ्या मुलालाही तो कळतो, आणि माग बंद पडल्याचे कदाचित त्यालाच आधी समजेल. हे पुस्तक मराठीत यावयाचे तर ते असे आले पाहिजे. शब्दाला शब्द ठेवून पियानो तसाच राहिला, तर चित्र परक्याच्या दिवाणखान्यात राहील आणि आमचे मूल उंबऱ्याबाहेर.

थोरल्या बहिणीच्या भूमिकेचा विचार करताना आम्हांस महाभारताची आठवण होते. भावंडे आणि इंद्रियभेद हा विषय आपल्या परंपरेला नवा नाही. थोरला धृतराष्ट्र अंध म्हणून राज्य धाकट्या पांडूकडे गेले, आणि त्या अन्यायाची सल पुढच्या पिढीपर्यंत पोचली. तेथेच दुसऱ्याच्या अंधत्वाशी नाते जोडण्याचे दोन मार्ग दाखविलेले आहेत. गांधारीने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. तिचा त्याग थोर होता, परंतु त्यामुळे घरात दिसणारे डोळे दोनांनी कमी झाले, धृतराष्ट्रास अधिक काही दिसले नाही. संजयाने पट्टी बांधली नाही. जे दिसले ते त्याने सांगितले, कटू होते तेही सांगितले. चांगल्या चित्रपुस्तकातील भावंड संजयाच्या जातीचे असावे, गांधारीच्या नव्हे. पीटरसन यांची थोरली बहीण बहुतांशी संजयाची वाट धरते, म्हणूनच तिचे सांगणे विश्वसनीय वाटते.

तथापि या पुस्तकाचे दोष झाकून चालणार नाही. पहिला दोष असा, की थोरलीच्या मनात रुसवा, मत्सर, कंटाळा यांचा लवलेशही फारसा जाणवत नाही. ज्या घरात एका मुलाकडे अधिक लक्ष द्यावे लागते, तेथे दुसरे मूल कधीतरी 'आणि माझे काय?' असे मनात म्हणतेच. तो प्रश्न पाप नव्हे. पुस्तकाने त्याला जागा दिली असती, तर तसे म्हणणाऱ्या मुलास आपण एकटेच दुष्ट नाही, एवढा दिलासा मिळाला असता. दुसरा दोष अधिक मोठा आहे. सगळे पुस्तक ऐकणारी सांगते. न ऐकणारीचे स्वतःचे म्हणणे आपणांपर्यंत तिच्याच मुखाने येते, आणि हातांच्या भाषेला त्यात फारसे स्थान नाही. यात लेखिकेपेक्षा काळाचा दोष अधिक आहे. १८८० साली मिलान येथील परिषदेने बहिऱ्या मुलांच्या शिक्षणातून हातांच्या भाषेला हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि त्याची छाया जवळजवळ शतकभर शाळांवर राहिली. त्या ठरावाविषयी खेद व्यक्त झाला तो २०१० साली, व्हँकुव्हरच्या परिषदेत. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र केंद्र दिल्लीत २०१५ साली निघाले. आज असे पुस्तक लिहिणाऱ्यास धाकटीच्या हातांची चित्रे काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसऱ्या एका पुस्तकाशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मेनेना कॉटिन यांनी लिहिलेले व रोसाना फारिया यांनी चितारलेले रंगांचे काळे पुस्तक २००६ साली मेक्सिकोत प्रसिद्ध झाले. त्याची सर्व पाने काळी आहेत. चित्रे काळ्यावर काळ्याच उठावाच्या रेषांनी काढली आहेत, आणि मजकुरासोबत ब्रेल आहे. टोमास नावाचा मुलगा चव, वास व स्पर्श यांतून रंगांचे वर्णन करतो. येथे डोळस वाचकच चाचपडू लागतो, आणि हा पालट मोठा अर्थपूर्ण आहे. मात्र डोळ्यास दिसणारी बाह्यरेषा उठावाची केली, की ती बोटास आपोआप कळते, हा समज आम्हांस पटत नाही. पिसाचे चित्र निराळे, पिसाचा स्पर्श निराळा. शिवाय टोमासला या पुस्तकात भावंड नाही. त्याचे ज्ञान सुंदर आहे, पण त्याच्याशी भांडणारे कोणी नाही.

असे पुस्तक मराठीत फार समृद्ध होऊ शकेल, असे आम्हांस वाटते. गुळगुळीत, बुळबुळीत, खरखरीत, लुसलुशीत, चिकट, चरचरीत असे स्पर्शाचे केवढे भांडार आपल्या बोलण्यात आहे! येथील मुलांना तर अंधाराचा अनुभव शहरानेच देऊन ठेवला आहे. १६१५ साली बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात उतरले, की डोळे काही वेळ निकामी होतात. मग ठिबकणारे पाणी कान सांगतात, गारवा अंगास कळतो, आणि भिंतीवर साचलेल्या चुन्याचे थर हातास लागतात. तेथे भावंडे एकमेकांचा हात धरून उतरतात, आणि कोण कोणास धरून आहे, हे अंधारात कळत नाही. ज्यास या विषयावर मराठी चित्रपुस्तक काढावयाचे आहे, त्यास याहून चांगले स्थळ कोठे मिळणार?

एका मुलाविषयी मात्र वरील दोन्ही पुस्तके मौन पाळतात. ज्यास कमी ऐकू येत नाही, तर फार ऐकू येते, असे ते मूल. मागाची खडखड, वरातीतील ताशा, कुकरची शिट्टी त्यास सोसवत नाही. सदऱ्याची शिवण अंगाला टोचते, भाताचा मऊपणा जिभेस नकोसा होतो. अशा मुलांच्या इंद्रियानुभवाचा विचार जीन एअर्स यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडला. स्वमग्नतेच्या निदानाच्या अमेरिकन निकषांत इंद्रियांच्या या तीव्र वा मंद प्रतिसादाचा समावेश २०१३ साली झाला, आणि आपल्या २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता हे स्वतंत्र अपंगत्व मानले. परंतु घरात आणि वर्गात अजून त्यास एकच नाव आहे : हट्ट. बहिरेपण शेजाऱ्यांस पटते, हे पटत नाही. म्हणून कानांवर हात ठेवणारे मूल मार खाते, आणि त्याच्या भावास वाटते, की आपणांस जी सूट नाही ती यास का? या भावासाठी पुस्तक हवे. 'त्याला कानठळ्या बसतात, तुला बसत नाहीत. दोघेही खरे बोलता आहात', एवढे जरी त्यास चित्रांतून उमगले, तरी एका घरातील न्याय बदलेल.

आमच्या शिक्षकबंधुभगिनींस एक सूचना करून हा लेख संपवितो. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. ज्या गावाने एकाच भिंतीवर दोन लिप्या वाचल्या, तेथील शाळेला नागरीशेजारी ब्रेल, आणि बोलण्याशेजारी हातांचे बोलणे परके वाटू नये. चांगले मराठी पुस्तक येईल तेव्हा येवो. तोवर वर्गात म्हणी शिकविताना 'आंधळं दळतं' ही म्हण आली, की क्षणभर थांबावे, आणि दळणाऱ्याचे भावंड या वर्गात बसले आहे काय, हे एकदा पाहून घ्यावे.