महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ : कर्तव्य आणि वेतन यांतील विसंगती
(भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना

पोलीस प्रशासनाविषयीची चर्चा बहुधा पोलीस ठाण्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा या चर्चेचा मुख्य आधार असतो. पोलीस शिपायाची वेतनश्रेणी, कामाचे तास, निवासस्थाने आणि बदल्या हे तिचे नेहमीचे विषय असतात. परंतु ज्या गावात पोलीस ठाणे नाही, किंबहुना ज्या गावापासून पोलीस ठाणे एखाद्या घाटापलीकडे वा धरणाच्या जलाशयापलीकडे आहे, तेथे कायदा व सुव्यवस्थेचा पहिला प्रतिनिधी असतो तो पोलीस पाटील. त्याचे पद, कर्तव्ये आणि मोबदला यांचे नियमन महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ या स्वतंत्र अधिनियमाने होते. राज्यात या पदांची संख्या अडतीस हजारांहून अधिक आहे, तरीही या अधिनियमाची चिकित्सा क्वचितच झालेली दिसते.

प्रस्तुत लेखात या अधिनियमाचे व त्याखालील १९६८ च्या आदेशाचे परीक्षण पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या तालुक्यांच्या संदर्भात केले आहे. अधिनियम कर्तव्यांच्या बाबतीत पोलीस पाटलास शासनाचा सेवक मानतो, परंतु मोबदल्याच्या बाबतीत व्यवहारात त्यास मानसेवी समजले जाते. ही विसंगती केवळ रकमेची नसून कायद्याच्या रचनेची आहे, हा या लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गावच्या पाटलाकडे महसूल आणि बंदोबस्त ही दोन्ही कामे असणे ही मावळ प्रांतातील जुनी व्यवस्था होय. या व्यवस्थेत कर्तव्य आणि हक्क एकमेकांशी बांधलेले होते. पाटलास वतनाची जमीन, मानपान व हक्क मिळत, तर त्याच्या मोबदल्यात त्याच्यावर गावाच्या रक्षणाची जबाबदारी असे. जबाबदारी मोडल्यास हक्कही जात. याचे सर्वपरिचित उदाहरण याच परिसरातील आहे. आजच्या भोर तालुक्यातील रांझे या गावच्या पाटलाने एका स्त्रीशी गैरवर्तन केल्याबद्दल शिवाजी महाराजांनी त्यास कठोर शासन केले, त्याची पाटिलकी काढून घेतली आणि पुढे ती त्याच घराण्यातील दुसऱ्या व्यक्तीकडे सोपविली. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रातून ही हकीकत ज्ञात होते. या प्रसंगातील न्यायनिष्ठुरतेचा उल्लेख नेहमी होतो. येथे लक्षात घ्यावयाची बाब एवढीच की, पद व्यक्तीकडून गेले तरी वतन घराण्यातच राहिले. उत्तरदायित्व होते, परंतु वंशपरंपरा अबाधित होती.

पुढे हा प्रदेश पंतसचिवांच्या भोर संस्थानात समाविष्ट होता. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड व सुधागड अशी संस्थानच्या काही तालुक्यांची नावे किल्ल्यांवरून पडली होती. ब्रिटिश मुलखात १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस अधिनियमाने गावच्या पोलीस व्यवस्थेस, तर १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत पदांस कायद्याची चौकट दिली. १९४८ मध्ये संस्थानचे मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले आणि हा भागही त्याच कायदेव्यवस्थेखाली आला.

स्वातंत्र्योत्तर काळात वतनसंस्था रद्द करण्याचे धोरण स्वीकारले गेले. १९६२ च्या अधिनियमाने मुलकी पाटलाचे पद संपुष्टात आले. १९६७ च्या अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद मात्र राखले गेले, परंतु त्याची नेमणूक वंशपरंपरेऐवजी शासकीय निवडीवर आधारली गेली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल निःसंशय योग्य होते. पुढील काळात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया यांना या पदाची दारे खुली झाली, ती या बदलामुळेच. तथापि वतन रद्द करताना कर्तव्य आणि हक्क यांची जी सांगड तुटली, तिच्या जागी नवी सांगड घालण्याचे काम विधिमंडळाने केले नाही. ते कार्यकारी आदेशांवर सोडून देण्यात आले.

अधिनियमातील कर्तव्यांची भाषा

अधिनियमाच्या कलम ६ मध्ये पोलीस पाटलाच्या कर्तव्यांची यादी दिली आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार काम करणे, मागितलेली विवरणे व माहिती पुरविणे, गुन्ह्यांची स्थिती तसेच गावातील आरोग्य व सर्वसाधारण परिस्थिती यांविषयी दंडाधिकारी आणि पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी यांस सतत माहिती देत राहणे, दंडाधिकारी व पोलीस अधिकाऱ्यांना साहाय्य करणे, आदेश व अधिपत्रे यांची तत्परतेने अंमलबजावणी करणे, सार्वजनिक शांततेस बाधक अशी माहिती गोळा करून कळविणे, गुन्हे व उपद्रव यांस प्रतिबंध करणे, गुन्हेगारांचा शोध घेणे, अशी ही व्यापक यादी आहे. संशयास्पद वा अनैसर्गिक मृत्यूची खबर देणे आणि त्यासंबंधी प्राथमिक कार्यवाही करणे ही कर्तव्येही त्याच्याकडे आहेत. शिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४० ने ग्रामाधिकाऱ्यांवर काही घटनांची खबर देण्याचे बंधन घातले होते. ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ मध्येही कायम आहे.

या यादीतील 'सतत' हा शब्द विशेष विचारार्ह आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम २८ पोलीस अधिकारी नेहमीच कर्तव्यावर असल्याचे मानते. पोलीस पाटलाबाबत असे स्पष्ट विधान नसले तरी सतत माहिती देण्याचे बंधन व्यवहारात त्याच स्वरूपाचे ठरते. गावात मध्यरात्री घडलेल्या घटनेची खबर सकाळी दिली तर तो कर्तव्यात कसूर ठरू शकतो. अशा कसुरीबद्दल ठपका आणि दंडापासून निलंबन व बडतर्फीपर्यंतच्या शिक्षांची तरतूद अधिनियमातच आहे. म्हणजे कर्तव्ये विधिमंडळाने निश्चित केली आणि शिक्षाही विधिमंडळानेच निश्चित केल्या. मोबदला मात्र विधिमंडळाने निश्चित केला नाही.

वेतन की मानधन?

कलम ५ अन्वये शासनाने १९६८ मध्ये एक आदेश काढला. महाराष्ट्र ग्राम पोलीस पाटील (सेवाप्रवेश, वेतन, भत्ते व सेवेच्या इतर शर्ती) आदेश असे त्याचे नाव आहे. नियुक्तीच्या वेळी वय २५ ते ४५ वर्षे असावे, उमेदवार त्या गावचा रहिवासी असावा, नियुक्ती मुदतीची असून तिचे नूतनीकरण व्हावे आणि वयाच्या ६० व्या वर्षी सेवा संपावी, अशा शर्ती त्यात आहेत. पोलीस पाटलास शेती वा स्थानिक व्यवसाय करता येतो, परंतु पूर्णवेळ नोकरी करता येत नाही.

आदेशाच्या शीर्षकात 'वेतन' व 'भत्ते' हे शब्द आहेत. त्यानंतरच्या शासननिर्णयांत मात्र सर्वत्र 'मानधन' हा शब्द आढळतो. मराठीत या दोन शब्दांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. वेतन हा केलेल्या कामाचा मोबदला असून तो मागता येतो. मानधन हे देणाऱ्याच्या सन्मानबुद्धीवर अवलंबून असते. त्याची रक्कम अपुरी असल्याची तक्रार करता येते, पण तिला हक्काचे बळ मिळत नाही. शासकीय भाषेतील हा शब्दबदल सहज झाला असेल, परंतु त्याचे परिणाम सहज नाहीत. वेतनास महागाई भत्ता, नियतकालिक वेतनवाढ आणि वेतन आयोग या गोष्टी जोडलेल्या असतात. मानधनास यांपैकी काहीही आपोआप लागू होत नाही.

आकडेवारी पाहता हा भेद स्पष्ट होतो. २०१९ मध्ये पोलीस पाटलांचे मासिक मानधन ३,००० रुपयांवरून ६,५०० रुपये करण्यात आले. पाच वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने ते १५,००० रुपये करण्यास मंजुरी दिली. ही वाढ अनुक्रमे सुमारे ११७ व १३१ टक्के आहे. वाढ मोठी आहे आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु मधल्या पाच वर्षांत ही रक्कम गोठलेली होती. वाढ कोणत्या सूत्रानुसार झाली आणि पुढील वाढ केव्हा होणार, याचे उत्तर अधिनियमात सापडत नाही. दोन्ही निर्णय लोकसभा निवडणुकीच्या वर्षांत झाले, ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही. याउलट सातव्या वेतन आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून पोलीस शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर भत्ते मिळतात आणि त्याच्या वाढीचा क्रम आधीच ठरलेला असतो. येथे दोघांच्या कामाची बरोबरी करण्याचा हेतू नाही. एकाचा मोबदला नियमाने ठरतो आणि दुसऱ्याचा निर्णयाने, हा मूलभूत फरक दाखविणे एवढाच उद्देश आहे.

दुहेरी नियंत्रणाचा प्रश्न

पोलीस पाटलाची नियुक्ती महसूल यंत्रणेकडून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडून होते. त्याच्या दैनंदिन कामाचा संबंध पोलीस ठाण्याशी येतो. मानधनाचा विषय गृह विभागाकडे असतो. परिणामी त्याच्याकडून काम घेणारे कार्यालय वेगळे, त्याची नियुक्ती व नूतनीकरण करणारे वेगळे आणि मोबदल्याचा निर्णय घेणारे वेगळे, अशी स्थिती निर्माण होते. गावातील वजनदार व्यक्तीविरुद्ध खबर देणाऱ्या पोलीस पाटलास मुदत संपताना नूतनीकरणाची चिंता असणे स्वाभाविक आहे. पोलीस दलातील अधिकाऱ्यांच्या कार्यकालास संरक्षण असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंह प्रकरणात २००६ मध्ये सांगितले. महाराष्ट्राने पोलीस अधिनियमात तशा तरतुदीही केल्या. परंतु या सुधारणांच्या चर्चेत ग्राम पोलीस आलाच नाही.

त्याच्या कायदेशीर स्थानाविषयीही संदिग्धता आहे. पोलीस पाटलासमोर दिलेली कबुली पोलीस अधिकाऱ्यासमोरील कबुलीप्रमाणे अग्राह्य मानावी किंवा नाही, हा प्रश्न न्यायालयांपुढे अनेकदा आला आहे. जो अधिनियम आपल्या प्रमुख पदाधिकाऱ्यास पोलीस म्हणावे की म्हणू नये याचा निःसंदिग्ध निर्णय करीत नाही, त्याच्याकडून त्या पदाच्या लाभांचा निर्णय होणे कठीणच होते.

भोर व वेल्हे तालुक्यांतील स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्हे तालुक्याची सुमारे ५४ हजार होती. भोर शहरात नगरपालिका आहे. वेल्हे तालुका संपूर्णपणे ग्रामीण आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेलगतचा हा मुलूख अतिवृष्टीचा असून गावे लहान व वाड्यावस्त्यांत विखुरलेली आहेत. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत व वरसगाव या जलाशयांमुळे समोर दिसणाऱ्या गावासही वळसा घालून जावे लागते. पावसाळ्यात दरडी कोसळून भोर-महाड मार्गावरील वरंधा घाटातील वाहतूक बंद ठेवावी लागते. राजगड व तोरणा या किल्ल्यांवर आणि जलाशयांच्या काठी येणाऱ्या पर्यटकांची संख्या मोठी असून अपघात, बुडणे, वाट चुकणे अशा घटनांची पहिली खबर बहुधा गावातूनच जाते. दुसरीकडे पुणे-सातारा महामार्गालगतच्या गावांत जमिनींचे व्यवहार वाढल्याने हद्दीचे व वहिवाटीचे तंटे वाढले आहेत.

अशा भूभागात कलम ६ मधील प्रत्येक कर्तव्यास प्रवास, वेळ व जोखीम यांची किंमत असते. महामार्गालगतच्या गावचा पोलीस पाटील आणि जलाशयापलीकडील वाडीचा पोलीस पाटील यांचे मानधन समान आहे. एकसमान रकमेत समतेचा आभास होतो, परंतु दुर्गमतेचा विचार नसल्याने प्रत्यक्षात ती विषमताच ठरते. मार्च २०२४ मध्ये, ज्या महिन्यात मानधनवाढीस मंजुरी मिळाली त्याच महिन्यात, मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यासही मंजुरी दिली. संस्थानकालीन तालुक्याचे नाव त्यामुळे पुन्हा पुढे आले. नावाइतकेच लक्ष तेथील ग्रामरक्षणाच्या कायदेशीर चौकटीकडे जाणे आवश्यक आहे.

संभाव्य आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हे पद अर्धवेळ असून पोलीस पाटील आपल्या शेतीवर अवलंबून असतो, म्हणून वेतनाची अपेक्षा गैर आहे. परंतु अर्धवेळ पदालाही अर्धवेळ वेतनाचे सूत्र असू शकते. शिवाय पूर्णवेळ नोकरीस मनाई करून सतत सज्जतेची अपेक्षा ठेवली जात असेल, तर अर्धवेळ हे विशेषण केवळ मोबदल्यापुरतेच उरते.

दुसरा आक्षेप असा की, हे पद आता कालबाह्य असून ते रद्दच करावे. तमिळनाडूने १९८० मध्ये अर्धवेळ ग्रामाधिकाऱ्यांची पदे रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये के. राजेंद्रन प्रकरणात ती कृती वैध ठरविली. आंध्र प्रदेशानेही १९८४ मध्ये तोच मार्ग अनुसरला. हा मार्ग कायद्याने खुला आहे. परंतु तमिळनाडूने रद्द केलेल्या पदांच्या जागी पूर्णवेळ, वेतनश्रेणीतील ग्राम प्रशासन अधिकारी नेमले, हे विसरता येत नाही. महाराष्ट्राने पद राखण्याचा पर्याय निवडला आहे. पद राखावयाचे असेल तर त्याची किंमतही कायद्यातच मान्य केली पाहिजे.

निष्कर्ष

१९६७ च्या अधिनियमाचे ऐतिहासिक श्रेय हे की, त्याने पोलीस पाटलाचे पद घराण्याच्या मालकीतून सोडवून नागरिकांसाठी खुले केले. त्याचा दोष हा की, त्याने जुन्या व्यवस्थेतील कर्तव्ये जवळजवळ जशीच्या तशी घेतली, पण त्या कर्तव्यांना लागून असलेल्या हक्कांच्या जागी नवे हक्क निर्माण केले नाहीत. मानधनाची रक्कम वाढल्याने हा दोष सौम्य होतो, दूर होत नाही.

या दृष्टीने अधिनियमात काही दुरुस्त्या आवश्यक वाटतात. मोबदल्याचे सूत्र व त्याच्या नियतकालिक पुनर्विलोकनाची मुदत अधिनियमात नमूद व्हावी. दुर्गम गावांसाठी प्रवास व जोखीम भत्ता स्वतंत्र असावा. कर्तव्य बजावताना इजा वा मृत्यू झाल्यास मिळावयाची भरपाई विवेकाधीन न राहता वैधानिक व्हावी. नूतनीकरण नाकारताना लेखी कारणे देण्याचे बंधन असावे. शेवटी, १९६८ च्या आदेशाच्या शीर्षकातील 'वेतन' हा शब्द शासनाने स्वतःच्या व्यवहारातही वापरावा. असे झाल्यास भोर-वेल्ह्यातील एखाद्या वाडीवरून रात्री निघणारी खबर ही कोणाच्या सौजन्यावर अवलंबून न राहता राज्याने मोबदला देऊन उभ्या केलेल्या व्यवस्थेचा भाग ठरेल.