सन्मान आणि हत्या

अलंकारशास्त्रांतील विरोधाभासांत विरोध केवळ वरवरचा असतो. विचार करतांच तो मावळतो. वृत्तपत्रांनीं रूढ केलेल्या ‘ऑनर किलिंग’ या जोडशब्दाची गत नेमकी उलट आहे. तो कानांस सरळ वाटतो. विचार करूं लागलें कीं त्यांतला विरोध उघडा पडतो. आमच्या मालेगावांत मराठी व उर्दू बोलणाऱ्या उभयतांच्या तोंडीं ‘अब्रू’ हा फारसी शब्द आहे. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. जें तेज ज्याच्या त्याच्या मुखावरचें, तें दुसऱ्याचें रक्त सांडून कसें राखावें? मारेकऱ्यानें सांगितलेलें निमित्तच आपण गुन्ह्याचें नांव म्हणून स्वीकारतों. अशा हत्येंत सन्मानाचें कांहींच नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बजावलें; तरी तो शब्द टिकून आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाचें मोठेपण असें कीं त्याचा शेवट हें निमित्त उच्चारीतच नाहीं. आर्चीचा भाऊ माहेरची भेट घेऊन येतो. ती चहा करते. मग खून होतो. पुढें भाषण नाहीं, संगीत नाहीं. रक्तांत भिजलेलीं पोराचीं इवलीं पावलें तेवढीं उमटतात. खरा विरोध तेथें आहे : भेट आणि हत्या यांत. ‘सन्मान’ हें विशेषण गळल्यावर जें उरतें, त्यास मराठींत खून म्हणतात.