‘छान’ म्हटल्यावर पुढे काय?

मंडळी, १८९३ साली आर्थर कॉनन डॉयलने ‘द फायनल प्रॉब्लेम’ या कथेत शेरलॉक होम्सला संपवलं. वाचक खवळले, पत्रं लिहू लागले. अखेर १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. आता, त्यात भरघोस मानधनाचाही हात होता, हे मान्य. पण आज होम्सवर हौसेने कथा लिहिणाऱ्याला, म्हणजे फॅन फिक्शनच्या लेखकाला, काय मिळतं? ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या मोठ्या संग्रहात अशा कथांमधून पैसे कमावायला परवानगीच नाही. मग मोबदला उरतो एकच: वाचकाचा शब्द.

तिथे ‘कुडोज’ नावाची सोय आहे. कळ दाबली की पसंती पोचते. लाजाळू वाचकाला ती बरी. पण तिच्यातून ‘आवडलं’ एवढंच कळतं. काय आवडलं, ते नाही. अभिनवगुप्तांनी ‘लोचन’च्या आरंभी सरस्वतीचं तत्त्व कवी आणि सहृदय अशा दोघांत मिळून पाहिलं आहे. त्यातला एक जण नुसती कळ दाबून निघून गेला, तर व्यवहार अर्धाच राहतो, नाही का?

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकलो. माझ्या नातीने होम्सच्या गैरहजेरीतल्या वर्षांवर एक कथा लिहिली. मी वाचली आणि म्हणालो, “छान आहे.” तिचा चेहरा पडला. रात्री पुन्हा वाचली. सकाळी विचारलं, “मिसेस हडसन रोज दोन बशा मांडते आणि एक उचलून ठेवते, ते मुद्दाम केलंस का गं?” ती म्हणाली, “आजोबा, ते कुणालाच दिसलं नव्हतं!” त्या आठवड्यात तिने पुढचा भाग लिहायला घेतला.

याचा अर्थ खोटी स्तुती करा, असा नव्हे. न मागता चुका काढत बसणं तर नकोच. चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यावर ती खोड जाता जात नाही, हे मी जाणतो. आपल्याला काय दिसलं, कुठे थांबावंसं वाटलं, तेवढं सांगावं. लेखकांनीही नुसतं “अभिप्राय कळवा” म्हणू नये. “मिसेस हडसनचं वागणं पटलं का?” असं नेमकं विचारावं. नेमक्या प्रश्नाला उत्तर द्यायला वाचक धजावतो.

तर आजचा गृहपाठ: कुणा अनोळखी लेखकाची एक कथा वाचा, आणि दोन वाक्यं लिहा. त्यात ‘छान’ हा शब्द नको.