संपादकाची लेखणी आणि आपले हस्तलिखित

दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुष्कळ प्रश्न उभे केले. कोण लिहितो, कोणासाठी लिहितो, कोणत्या भाषेत लिहितो, सौंदर्याचे निकष कोणी ठरवले, हे सारे आपण प्रस्थापित समीक्षेला विचारले आणि तिला उत्तर द्यायला भाग पाडले. एक प्रश्न मात्र आपणही फारसा विचारलेला नाही. लेखकाच्या वहीतला मजकूर आणि वाचकाच्या हाती पडलेले पुस्तक यांच्यामध्ये जो माणूस बसलेला असतो, त्याने नेमके काय केले? कवितासंग्रह असो वा आत्मकथन, आपण छापील प्रत हाती घेतो आणि तिच्यातला शब्द न् शब्द लेखकाचाच आहे असे धरून चालतो. समीक्षेच्या दृष्टीने हे गृहीतक कच्चे आहे, आणि चळवळीच्या दृष्टीने ते महागात पडणारे आहे.

संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणारा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. ते मुद्रितशोधकाचे काम. संपादकाचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. दहा वह्यांतून कोणती छापायची हे तो ठरवतो. कोणते प्रकरण आधी, कोणते नंतर, हे तो सुचवतो. पाल्हाळ कापतो, राहून गेलेले विचारतो, शीर्षक बदलायला सांगतो, प्रस्तावना कोणाकडून घ्यायची हे ठरवतो, मलपृष्ठावरचा मजकूर बहुधा स्वतः लिहितो. यातली प्रत्येक कृती अर्थावर परिणाम करते. आईच्या मरणाने सुरू झालेले आत्मकथन आणि शाळेच्या पहिल्या दिवसाने सुरू झालेले आत्मकथन, प्रसंग तेच असले तरी, वाचकाच्या मनात दोन वेगळी पुस्तके होतात.

हे सर्वच लेखकांच्या बाबतीत घडते, मग आपणच त्याची वेगळी चर्चा का करावी? कारण उघड आहे. पांढरपेशा लेखक आणि पांढरपेशा संपादक एकाच वाड्यातले असतात. त्यांचे वाद होतात ते घरातल्या वादासारखे. आपल्या लेखकाच्या समोर बसलेला संपादक मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच जगातून आलेला असतो, आणि छापायचे की नाही हे त्याच्या हातात असते. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणाचेही नाव छापून आलेले नाही, तो नवा लेखक संपादकाला सहसा नाही म्हणत नाही. मी स्वतः माझ्या घरातला पहिला पदवीधर आहे, आणि भातकुलीच्या या तालुक्यात माझ्यासमोर बाकावर बसणारी बरीचशी मुलेही तशीच आहेत. छापलेले ते खरे, ही आमची शाळेत झालेली घडण आहे. म्हणूनच संपादन आणि मुस्कटदाबी यांतला फरक आपल्याला स्वच्छ कळला पाहिजे.

हा फरक बाबासाहेबांनी १९३६ साली घालून दिला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर मंडळ बिचकले. वेदांविषयीचा उल्लेख, धर्माचा पाया नष्ट करण्याविषयीचा भाग, हिंदू म्हणून आपले हे शेवटचे भाषण असल्याचे विधान, असे जे जे अडचणीचे ते गाळावे, भाषण जातिनिर्मूलनापुरते ठेवावे, असा आग्रह धरण्यात आला. मंडळाचे हर भगवान यांनी एप्रिलमध्ये तसे पत्र लिहिले. बाबासाहेबांनी २७ एप्रिलच्या उत्तरात एका स्वल्पविरामाचाही बदल नाकारला. परिषद रद्द झाली. त्याच मे महिन्यात त्यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

या घटनेचे आपण जे स्मरण करतो ते बाणेदारपणाचे, आणि ते योग्यच आहे. पण ग्रंथसंपादनाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक धडा आहे. बाबासाहेबांनी मंडळाची आणि आपली पत्रे पुस्तकाच्या आरंभी छापली. काय गाळायला सांगितले होते, कोणी सांगितले होते, का सांगितले होते, हे सारे वाचकासमोर आले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधींची टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर, दोन्ही जोडले. प्रतिपक्षाचे म्हणणे कापून टाकण्याची गरज त्यांना वाटली नाही. हा माणूस 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) चालवलेला, रकानेच्या रकाने एकहाती लिहून काढलेला होता. संपादनाला त्यांचा विरोध असणे शक्यच नव्हते. मजकुराला धार लावणारा हात आणि मजकुराची धार बोथट करणारा हात, हे दोन वेगळे आहेत, आणि कोणता हात फिरला ते वाचकाला कळले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

बाबासाहेबांच्या पश्चात त्यांच्याच लेखनावर हे दोन्ही हात फिरले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाले. त्यांनी लिहिलेली प्रास्ताविका त्या आवृत्तीत नव्हती. आपल्या पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण त्यांनी तिच्यात नमूद केले होते. भगवान दास यांनी १९८० मध्ये ती उजेडात आणली. दोन दशकांहून अधिक काळ वाचकांच्या एका अख्ख्या पिढीने हा ग्रंथ लेखकाच्या स्वतःच्या निवेदनावाचून वाचला. गाळण्यामागचे कारण काहीही असो, पुस्तकात त्याची नोंद नव्हती. काय गाळले ते वाचकाला कळतच नव्हते, मग प्रश्न कसा पडणार? याच ग्रंथावर दुसऱ्या प्रकारचे कामही झाले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना त्यातील मजकुराचे पाली साहित्यातील आधार शोधून दिले. ते शोधण्याचे कष्ट अनुवादकाने उपसले, आणि ग्रंथ अभ्यासकासाठी अधिक भक्कम झाला.

सर्वांत मोठे उदाहरण नागपूरच्या वसंत मून यांचे. महाराष्ट्र शासनाच्या वतीने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून निघू लागले, त्यांचे मून संपादक. अप्रकाशित हस्तलिखिते पेट्यांतून हाती आली ती सुटी, काही अपुरी. टंकलिखित पानांवर दुरुस्त्या, प्रकरणांचा क्रम कुठे जुळणारा तर कुठे नाही. ही पाने लावणे हेच मुळात संपादन होते. चौथ्या खंडात, १९८७ साली, 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध झाले. त्यातले राम आणि कृष्ण यांच्यावरचे प्रकरण मूळ अनुक्रमणिकेत नव्हते. मून यांनी ते परिशिष्ट म्हणून छापले आणि ते अनुक्रमणिकेत नसल्याचे टिपेत सांगितले.

संपादकाची सचोटी कशी असते हे इथे पाहावे. अनुक्रमणिकेत नाही या सबबीखाली ते प्रकरण बाजूला ठेवणे सहज शक्य होते. कोणी विचारलेही नसते. उलट ते गुपचूप मूळ ग्रंथात मिसळून टाकणेही शक्य होते. त्यांनी मजकूर दिला आणि त्याची जागाही खरी सांगितली. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. शिवसेनेने विरोध केला, सरकार परिशिष्ट वगळायला तयार झाले, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये दलित जनता प्रचंड संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरली. अखेरीस परिशिष्ट राहिले, त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशा आशयाची टीप जोडली गेली. एका ग्रंथाची पाने शाबूत राहावीत म्हणून एवढा जनसमुदाय रस्त्यावर येतो, ही मराठी ग्रंथव्यवहारातली असाधारण घटना आहे. त्या मोर्चातल्या कित्येकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. तरीही पान गाळणे म्हणजे काय, हे त्यांना कित्येक विद्वानांपेक्षा चांगले कळले होते.

आता ललित लेखनाकडे वळू. तिथे संपादकाचा हात अधिक हळुवार असतो, म्हणून तो दिसत नाही. 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ढसाळांचे जग ज्यांनी कधी पाहिले नव्हते अशा वाचकाला ती हात धरून आत नेते. तिचे मोल मी नाकारत नाही. पण असा वाटाड्या कोणाला लागतो? गोलपिठ्यात राहणाऱ्याला लागत नाही. म्हणजे पुस्तकाचा अपेक्षित वाचक कोण, हे प्रस्तावनेच्या निवडीनेच ठरून जाते. २०१४ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या सटीप आवृत्तीला अरुंधती रॉय यांची दीर्घ प्रस्तावना जोडली गेली, तेव्हा अनेक आंबेडकरी अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला. दाराशी उभा असलेला माणूस घरधन्यापेक्षा जास्त बोलू लागला की पाहुण्याला घर कोणाचे ते कळत नाही.

दुसरा परिणाम वाङ्मयप्रकारावर झाला. 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली'ने काढले. त्यानंतर 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'उचल्या' (१९८७) अशी रांग लागली. ही पुस्तके मराठीचे वैभव आहेत. परंतु दलित लेखकाकडे प्रकाशक आत्मकथन मागू लागला, आणि कथा, कादंबरी, वैचारिक लेखन घेऊन जाणाऱ्याला तसे स्वागत लाभले नाही, असे माझे मत आहे. बाबुराव बागुलांनी १९६३ मध्येच 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहाने केवढी वाट उघडली होती! ती वाट रुंद झाली नाही याचा दोष केवळ लेखकांच्या माथी मारता येणार नाही. मागणी कोणती आणि ती कोणी केली, हेही पाहावे लागेल. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'मधून कविता, कथा, समीक्षा, विचार यांना सारखी जागा दिली आणि खेड्यापाड्यांतून आलेली पहिलीवहिली हस्तलिखिते वाचली, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

संपादकाने विचारलेला एक नेमका प्रश्न काय करू शकतो, याचा दाखला बेबीताई कांबळे यांच्या लेखनात आहे. फलटणला छोटे दुकान चालवताना त्या चोरून लिहीत, वह्या घरच्यांपासून लपवून ठेवीत. मॅक्सिन बर्नसन यांनी ते लेखन बाहेर आणायला बळ दिले. 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. त्यात 'मी'पेक्षा 'आम्ही' मोठा आहे. पुढे २००८ च्या इंग्रजी आवृत्तीसाठी अनुवादिका माया पंडित यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि नवऱ्याच्या मारहाणीविषयी त्या तिथे बोलल्या. मराठी पुस्तकात जे लेखिकेने समाजासाठी मागे ठेवले होते, ते विचारणारे कोणीतरी भेटल्यावर पुढे आले. पंडितांनी ते पुस्तकात घुसडले नाही, मुलाखत म्हणून वेगळे छापले. लेखिकेचा मूळ निर्णयही राहिला आणि नवे बोलणेही राहिले.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तो आम्हा वऱ्हाडातल्यांच्या जिव्हारी लागणारा आहे. समजा, एखाद्या मुलीने वहीत लिहिले: 'माय वावरातून आली. तिले ताप होता, तरी ते चुलीपाशी बसली.' संपादक हे असे करील: 'आई शेतातून आली. तिला ताप होता, तरी ती चुलीपाशी बसली.' माहिती तीच. पण वऱ्हाडीत बाईला 'ते' म्हणतात हे ठाऊक नसलेल्या माणसाला ती लिंगाची चूक वाटली, आणि मायचे पोर मायपासून एक पाऊल दूर गेले. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणभाषेत, ही रूढ विभागणी वरवर उदार दिसते. तिच्यामुळे लेखक आपल्याच माणसांविषयी परक्यासारखा बोलू लागतो. त्याहून गंभीर बदल शब्दांचे. 'महारकी' खोडून 'गावकाम' लिहिले की वाक्य सभ्य होते आणि खोटे होते. गावकाम कोणीही करू शकतो. महारकी जन्माने गळ्यात पडत होती.

याचा अर्थ बोलीतले प्रत्येक वाक्य पवित्र, असे मी म्हणत नाही. एकच शब्द तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिला तर वाचक अडखळतो. तिथे संपादकाने एक रूप ठरवावे, लेखकाला विचारून ठरवावे. एकच दुःख चार प्रकरणांत सांगितले असेल तर त्यातले सर्वांत खरे कोणते, हे लेखकाच्या समोर बसून निवडावे. आज आपल्या तालुक्यांतून अनेक तरुण स्वतःच्या पैशाने पुस्तके काढतात. हस्तलिखित जसेच्या तसे छापले जाते, कोणी एक प्रश्नही विचारत नाही. हे स्वातंत्र्य नव्हे, ही उपेक्षा आहे. आपल्याच माणसाने आपल्या माणसाचे लेखन न वाचता 'छान आहे' म्हणणे, हा त्या उपेक्षेचाच दुसरा प्रकार आहे.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. लेखकांनी आपल्या वह्या जपाव्यात, पुस्तक छापून आले म्हणून रद्दीत घालू नयेत. तालुक्याच्या महाविद्यालयांनी आपल्या ग्रंथालयात एक कपाट त्यांच्यासाठी मोकळे करावे. पुस्तकावर संपादकाचे नाव असावे आणि त्याने काय गाळले, काय हलवले, कोणती भाषा का ठेवली, हे अर्ध्या पानात सांगावे. वसंत मून यांना टीप लिहिता आली, तशी ती कोणालाही लिहिता येईल. आणि आपल्या समीक्षेने छापील प्रतीवर थांबू नये, हस्तलिखित मागावे. ते मिळाले तर दोन्ही शेजारी ठेवून ओळ ओळ वाचावी. 'माय'ची 'आई' कुठे झाली आणि 'महारकी'चे 'गावकाम' कोणी केले, हे आपल्याला तिथेच सापडेल.